पुढल्या वाडीला हाळी

बिबट्या दिसला म्हणून फोन आला की आपण काय विचारू? कुठं दिसला, केवढा होता, कुणाला काही केलं का. आमचे भाऊ यातलं काहीच विचारायचे नाहीत. फोन कानाला लावून ते शांतपणे एवढंच म्हणायचे, "तोंड कुणीकडं हाय त्याचं?"

पलीकडचा माणूस बिचारा आधीच घाबरलेला. गोठ्यापाशी बिबट्या, आणि हा वनखात्याचा माणूस तोंडाची चौकशी करतोय! लोणावळ्याच्या एका बंगल्यातल्या बाई तर एकदा इतक्या चिडल्या, म्हणाल्या, "तोंड कुणीकडे म्हणजे? पुढेच आहे!" मी शेजारी बसले होते. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. भाऊंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "व्हय ताई," ते म्हणाले, "पर पुढं म्हंजी खंडाळ्याकडं, का खाली वाडीकडं?"

तोंड कळलं की भाऊ शर्टाच्या खिशातून वही काढायचे. सरकारी डायरी नव्हे, शाळेतल्या पोरांची चाळीस पानी वही, मधोमध दुमडलेली. तिच्यात गावांची यादी नव्हती, वाटांची होती. अमक्या ओढ्यानं वर गेलं की पहिली वस्ती कोणती, दुसरी कोणती, तिथं फोन कुणाकडे आहे, त्यानं नाही उचलला तर शेजारी कोण. सगळं पेन्सिलीनं, कारण माणसं नंबर बदलतात. जनावर ज्या अंगाला तोंड करून असेल, त्या अंगाच्या सगळ्या वस्त्यांना कळवून होईपर्यंत भाऊ जागचे हलायचे नाहीत. ड्रायव्हर गाडी चालू करून बसलेला, तिकडून फोनवर फोन, आणि हे सावकाश विचारतायत, "आयकलं न्हवं? काय आयकलं ते सांगा बरं परत."

आणि कळवायचं कुणी, तर मी. भाऊ वनपाल, मी त्यांच्या हाताखालची नवी वनरक्षक. मी वराळ्याची. मला मुळात धीर कमी, त्यात नवी वर्दी, नवी मोटरसायकल. मला वाटायचं, जावं, जनावर हाकलावं, लोकांनी बघावं. इथं मी बांधावर उभी राहून कुणा अनोळखी म्हातारीला फोनवर ओरडून सांगतेय की आजी, शेळ्या आत बांधा. फोन ठेवला की भाऊ दोन प्रश्न विचारणारच. "कोन बोललं? काय म्हनलं?" नुसतं "कळवलं" म्हणून भागायचं नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाऊ, आपण वनखात्यात आहोत की टपालखात्यात?" ते म्हणाले, "टपालात असतो तर बरं झालं असतं." मला वाटलं, गंमत करतायत.

भाऊ मूळचे आंदर मावळातल्या डोंगरावरच्या एका ठाकरवाडीचे. पण नोकरीचा बराचसा काळ त्यांनी खाली तळकोकणात काढला, हत्तींच्या मुलखात. कर्नाटकातून उतरलेले हत्ती तिथल्या माडांच्या आणि केळीच्या बागांत शिरतात, आणि भाऊ तिथे वनरक्षक होते. निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा बढती घेऊन ते आपल्या मुलखात परत आले, आणि येताना हत्ती डोक्यात घेऊन आले. हत्तीला ते हत्ती म्हणायचे नाहीत, थोरलं म्हणायचे. "थोरलं लय शाणं. त्याला वाट ठावी असती. आपुन मधी घर बांधतो." रानडुकरांनी कुणाचा भुईमूग उकरला तरी यांना आठवण थोरल्याची. आता मावळात हत्ती आणायचा कुठून? आमच्या ऑफिसातला शिपाई म्हणायचा, "भाऊ, तुमच्या थोरल्याला हिकडं यायचं झालं तर एक्सप्रेसवेवर उर्स्याला टोल भरावा लागंल." त्यावर सगळ्यांत जास्त भाऊच हसायचे.

पण काही बाबतींत मात्र त्यांच्याशी मस्करी चालायची नाही. पिकलेल्या फणसाचा वास आला की ते उठून चालू लागायचे. एका मावशीनं मोठ्या प्रेमानं ऑफिसात गरे आणून दिले, तर भाऊ दिवसभर आत फिरकले नाहीत. दिवाळीत फटाके वाजायला लागले की सामानाच्या खोलीत दार ओढून बसायचे. आणि कुणी सत्काराचा नारळ पुढे केला की हात मागे बांधायचे. विंचू पुढे केल्यासारखं करायचे अगदी. आम्ही म्हणायचो, असतात एकेकाची खुळं.

दरवर्षी नवा तांदूळ झाला की इंद्रायणीची एक पिशवी खांद्यावर टाकून ते एसटीनं तळकोकणात जायचे. दोन दिवसांत परत. तिकडं नातेवाईक कुणी नाहीत, हे सगळ्यांना माहीत. शिपाई डोळा मारून म्हणायचा, "भाऊंनी तिकडं दुसरं घर केलंय." मीही हसले आहे त्यावर. आज आठवलं की माझीच मला शरम वाटते.

गवा आला तो दिवाळीच्या आधी आठेक दिवस. उर्स्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एका मावशीचं भाताचं खाचर आहे, त्यात सकाळी उभा. आमच्याकडे गवा कधीतरी वाट चुकून येतो. बहुतेकांनी जन्मात बघितलेला नसतो. काळाभोर, बैलाच्या दुप्पट, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. बघता बघता शंभर-दोनशे माणूस जमलं. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि दिवाळी तोंडावर असल्यामुळे पोरांच्या खिशांत सुतळी बॉम्ब.

एकीकडे अर्ध्या कोसावर एक्सप्रेसवे, गाड्यांचा आवाज सारखा येतोय. दोन बाजूंना घरं. मोकळी बाजू एकच, डोंगराकडे जाणारी घळ. भाऊ आले, त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "तोंड घळीकडंच हाय. शाणं हाय बिचारं."

पोरं म्हणाली, "भाऊ, एक माळ लावू द्या. पळतंय बघा कसं."

"पळंल की. पर कुटं पळंल?"

भाऊंनी तिन्ही बाजूंच्या लोकांना खाली बसवलं आणि एकानंही ओरडायचं नाही म्हणून बजावलं. ज्या मावशीचं खाचर, ती कोयता हातात घेऊन बांधावर उभी होती.

"आज कापनी व्हती माझी. मानसं सांगितल्याली."

"कापू मावशी, उद्या कापू."

"उद्याला ठिवलंय काय त्यानं?"

"त्यो बी वाट चुकल्याला हाय."

"मंग माझ्याच खाचरात चुकायचं व्हतं व्हय?" मावशी म्हणाली आणि रडायलाच लागली. भाऊ तिच्याशेजारी बसले. वर्षाचा तांदूळ डोळ्यांदेखत तुडवला जात होता, तिला काय सांगणार?

मला त्यांनी वहीतलं पान दाखवलं. घळीपासून डोंगरापलीकडे सात वस्त्या. सगळीकडे कळवून झालं की मगच माणसं उठवायची आणि गव्याला घळीकडे सरकू द्यायचं. रेंजसाठी मी लांबच्या बांधावर गेले. सहा वस्त्यांचे फोन लागले. सातवी, म्हणजे खरं तर घळीतली पहिलीच, कातकऱ्यांच्या चार झोपड्यांची. तिथं फोन एकाकडे, आणि तो बंद. शेजारी कोण, तर कुणीच नाही. मी पुन्हा पुन्हा लावला. मोटरसायकलनं वळसा घालून जायचं तर अर्धा तास. उन्हं उतरलेली, माणसं अस्वस्थ, कुणीतरी काडी ओढणार असं वाटत होतं. माळ वाजली की गवा एक्सप्रेसवेवर. मी मनाशी म्हटलं, चार झोपड्या, माणसं मजुरीला गेलेली असतील. आणि परत आले.

"झाले सगळे?"

"झाले."

"त्या चार घरांत कोन बोललं?"

"एक बाई."

"काय म्हनली?"

"बरं म्हणाली."

मी इतकं सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. भाऊंनी मान हलवली आणि हात वर केला. मागची माणसं सावकाश उठली, दोन पावलं पुढं आली. गव्यानं मान वळवून बघितलं आणि घळीकडे चालू लागला. घाई नाही, काही नाही. माणसं मोबाईल वर धरून बघत होती, भाऊंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच समाधान बघत होते. गवा पन्नास-साठ पावलं गेला असेल, तेव्हा मी त्यांची बाही ओढली.

"भाऊ," मी म्हटलं, "त्या घरांचा फोन नाही लागला. मी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "पोरं असत्याल तितं," एवढं म्हणाले आणि पळाले. गुडघ्याच्या दुखण्यानं जिना चढताना तीनदा थांबणारा हा माणूस समोरच्या टेकाडावर असा चढला की मी मागे पडले. वर जाऊन त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली.

तसला आवाज मी माणसाच्या गळ्यातून आलेला ऐकला नव्हता. "रान येतंयऽऽऽ! पोरं आत घ्याऽऽऽ!" पहिला शब्द खालून उचललेला, शेवटचा लांबवत नेलेला, मध्ये श्वास नाही. दुपारभर ज्यांनी दोनशे माणसांना चूं करू दिलं नव्हतं, ते जनावराच्या वरच्या अंगाला टेकाडावर उभे राहून ओरडत होते. गवा थांबला. त्याचे कान हलले. आता हा मागं फिरणार, या सगळ्या माणसांवर येणार, आणि हे सगळं माझ्यामुळे. मी डोळे मिटले नाहीत, पण मिटायला हवे होते असं वाटतं.

तेवढ्यात घळीतून उत्तर आलं. बाईचा म्हातारा आवाज, तसाच लांबवलेला. "घेतलीऽऽऽ!"

गवा आणखी थोडा वेळ उभा राहिला आणि घळीत शिरला. खाली टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. सरपंच नारळ घेऊन आले. भाऊ हात मागे बांधून गाडीत जाऊन बसले. तीन दिवस त्यांचा घसा बसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या झोपड्यांवर गेलो. दोन झोपड्यांच्या मधून खुरांचे ठसे गेले होते. एक घमेलं चेपलं होतं. बाहेरच्या आंब्याला तान्ह्या मुलाची झोळी बांधलेली होती, आणि माग बरोबर त्या झोळीखालून गेला होता. म्हातारी म्हणाली, "हाळी आयकली आन् पोराला उचाललं. ही हाळी लय सालांनी आयकली बाय. माझा म्हातारा द्यायचा." मी झोळीला हात लावला आणि तिथंच खाली बसले.

अहवाल मीच लिहायचा होता. आमच्या घरात कागदाला फार मान. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात सगळ्यांनी शिकायचं, आणि हातानं लिहिलेलं खरं असायचं, हा शिरस्ता. गवा सुखरूप गेला, कुणाला इजा नाही, हे लिहिलं. पुढे लिहिलं, "पहिल्या वस्तीस कळवले नसताना मी कळवले असे वरिष्ठांना खोटे सांगितले." आणि भाऊंच्या टेबलावर सहीला ठेवलं.

भाऊंनी वाचलं. बसलेल्या घशानं म्हणाले, "ही वळ काढ. नोकरी नवी हाय तुजी."

"राहू दे, भाऊ."

"कुनाला काय झालं न्हाई. कोन इचारतंय?"

"तुम्ही नाही का विचारत? कोण बोललं, काय म्हणालं?"

त्यांनी उठून दार लोटलं आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. तेव्हा ते तळकोकणात नवेच होते. थोरलं एका गावातल्या केळीत शिरलं होतं. भाऊंनी गावची तरणी पोरं जमवली, सरकारी फटाके वाटले, आणि उजाडता उजाडता त्याला ओढ्यापलीकडे घालवलं.

"लोकांनी मला खांद्यावर घेतला. नारळ फोडला. पिकला फणस कापला. गरा तोंडात व्हता माज्या, तवा पल्याडनं मानूस पळत आला. काजूची बोंडं येचायला गेलती एक बाई. थोरलं तिच्यावरच गेलं." त्यांनी कागद बाजूला सरकवला. "माजा बाप वाडीत हाळी द्यायचा. डुकरं उठवायला हाका निघायचा झाला का आदी पुढल्या वाडीला हाळी, तिकडनं उत्तर आलं का मंग हाका. ल्हानपनापास्नं बघितल्यालं. वर्दी घातली आन् इसरलो. हातात फटाके व्हते, सायबाचा कागूद व्हता. त्या कागदात हाळी न्हवती. पंचनामा मीच लिवला, हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू. त्यात खोटं काय न्हाई. पर थोरलं तितं कुनी धाडलं, ती वळ माज्याच्यानं लिवली गेली न्हाई."

तांदळाची पिशवी त्या बाईच्या घरी जात होती. तिचा मुलगा आता बापया माणूस झालेला. तो भाऊंना जेवू घालायचा, झोपायला चटई टाकायचा. भाऊ दरवर्षी सांगायचं ठरवून जायचे आणि न सांगता परत यायचे.

त्यांनी माझ्या अहवालावर सही केली, त्या ओळीसकट. मला पुढे नोटीस आली, मी तिला उत्तर दिलं. ते सगळं माझ्या फायलीत आहे आणि असू दे. भाऊ आता निवृत्त होऊन वरच्या वाडीवर असतात. वही माझ्याकडे आहे. त्या चार घरांचा फोन अजून बेभरवशाचाच. जनावराचं तोंड तिकडे असलं की मी टेकाडावर जाते आणि हाळी देते. पहिल्यांदा दिली तेव्हा गावातली पोरं फिदीफिदी हसली. हसू देत. मला घळीतून उत्तर आल्याशिवाय पुढे पाऊल टाकवत नाही.

गवा आला त्या दिवाळीनंतर भाऊ तळकोकणात गेले. या वेळी रिकाम्या हातानं. मी विचारलं, "तांदूळ?" म्हणाले, "हातात पिशवी असली का मी पावना व्हतो. मंग जिभच उचलत न्हाई."

चौथ्या दिवशी परत आले ते थेट ऑफिससमोरच्या टपरीवर. मला हाक मारली. दोन चहा सांगितले. चहा आला तेव्हा मीच त्यांचे दोन प्रश्न त्यांना विचारले.

"कोण बोललं, भाऊ?"

"मीच बोललो. समदं सांगितलं."

"तो काय म्हणाला?"

"म्हनला, आमास्नी ठावं व्हतं. तुमी कवा सांगताय त्याची वाट बघत व्हतो." त्यांनी ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मी म्हनलं, बाबा, तुला कसं ठावं? तर म्हनला, फटाके आमी आयकलं की, कशाचं ते मागनं कळलं. ल्हान व्हतो मी, आईच्या संगं दारात उभा व्हतो. आई म्हनली, पल्याडच्या वाडीत कुनाचं तरी लगीन दिसतंय. बरं झालं म्हनली. आन् टोपली घिऊन गेली."

टपरीवाला पुढच्या गिऱ्हाइकाला चहा गाळत होता. भाऊ रस्त्याकडे बघत होते.

"आवाज तिच्यापत्तुर पोचला व्हता, पोरी," ते म्हणाले. "समदा पोचला व्हता. तिला वाटलं, लगीन हाय."